टिळकवाडीतलं फिजिओ सेंटर: बसवून घेतलेलं माप आणि पालथं झोपवून घेतलेलं माप

मी बेळगावच्या वडगावात बायकांचे कपडे शिवते. बावीस वर्षं झाली. ब्लाऊज, ड्रेस, फॉल-पिको. मंगाई देवीच्या यात्रेच्या दिवसांत तर रात्री एकपर्यंत मशीन चालू असतं. हे आधीच सांगते, कारण फिजिओथेरपीतलं मला काही कळत नव्हतं आणि अजूनही मी त्यातली जाणकार नाही. पण माप घेणं मला कळतं. समोरची बाई कशी उभी आहे यावर माप बदलतं. पोट आत ओढून उभी राहिली की कमर इंचभर कमी भरते. हात वर केला की मुंढ्याचं माप हलतं. सलवारीचं आसन खुर्चीवर बसवून घ्यावं लागतं. उभ्यानं घेतलं तर बाई पहिल्यांदा मांडी घालून बसली की शिवण उसवलीच म्हणून समजा. माझ्या वहीत आकड्यापुढं 'उ' नाहीतर 'ब' असं अक्षर असतं, उभ्यानं की बसून.

माझ्या लेकीच्या मांडीच्या ताकदीचं माप एका ठिकाणी घेतलं गेलं, तेव्हा आकड्यापुढं असं अक्षर कुणी घातलं नाही. त्याची किंमत पोरीनं मोजली. टिळकवाडीतल्या या सेंटरमध्ये ते अक्षर घातलं गेलं, म्हणून मी हे लिहायला बसले आहे. ज्यांच्या घरात खेळणारी पोरं आहेत त्यांनी जरा सवडीनं वाचावं.

लेक कबड्डी खेळते. चढाईपटू आहे. कॉलेजच्या सामन्यात वळताना उजवा पाय मॅटवर रुतला आणि गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट, म्हणजे आतला हाडं बांधून ठेवणारा पट्टा, तुटलं. जून 2024 मध्ये ऑपरेशन झालं. त्याच पायाच्या मांडीमागच्या, आतल्या बाजूच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, काढून त्यांचं नवं लिगामेंट केलं. म्हणजे गुडघा दुरुस्त करायला माल मांडीतून घेतला. माझ्या भाषेत सांगायचं तर पदरातलं कापड काढून बाहीला जोड दिला. बाही झाली, पण पदर तेवढा आखूड झाला, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. सगळं लक्ष गुडघ्याकडं.

नऊ महिन्यांनी, मार्चमध्ये, ताकद बघायला आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो. नाव घेत नाही. चकचकीत जागा, एसी, आत गाणी लावलेली. एका मुलानं तिला स्टुलावर बसवलं, घोट्यामागं ताकद मोजायचं हातातलं यंत्र धरलं आणि म्हणाला, पाय मागं ओढ. तिनं ओढला. पट्टा नाही, काही नाही. ओढताना तिनं दोन्ही हातांनी स्टुलाची कड घट्ट धरली होती आणि अंग पुढं झुकवलं होतं. हे मी बघत होते. एका पायाला एकदा, दुसऱ्याला एकदा. पाच मिनिटांत कागद हातात: मांडीमागचा स्नायू चांगल्या पायाच्या 94 टक्के, खेळायला हरकत नाही. डॉक्टर लोक साधारण 90 टक्के बरोबरी झाली की खेळायला सोडतात, हे आम्हाला ऑपरेशनच्या वेळीच सांगितलेलं होतं. पोरगी आनंदानं रडली. मीही देवापुढं नारळ फोडला.

सरावाला जाऊन बारावा दिवस. चढाई करून परत फिरली, मागून एकीनं उजवा घोटा धरला. कबड्डी बघणाऱ्यांना ठाऊक आहे पुढं काय होतं ते: चढाईपटू पोटावर पडते आणि तशीच, पालथी, हात लांब करून मध्यरेषेकडं सरपटते, आणि धरलेला पाय गुडघ्यात वाकवून सोडवायला बघते. तिनं तेच केलं. मांडीच्या मागं चमक भरली. गुडघा वाचला, देवाची कृपा. पण मागचा स्नायू दुखावला तो दुखावलाच. खुर्चीवर बसायलासुद्धा अंग चोरून बसायची.

मग मैत्रिणीच्या जाऊबाईंनी टिळकवाडीतलं हे सेंटर सांगितलं. पहिल्या मजल्यावर आहे, आणि याचं पहिलं गाऱ्हाणं इथंच करून टाकते: लिफ्ट नाही. गुडघ्याचे पेशंट येणार त्या जागेला वीस पायऱ्या, तेही उंच उंच. एक म्हातारे गृहस्थ दोन पायऱ्यांवर एकदा दम घेत वर चढताना मी बघितले. यावर सेंटरनं काहीतरी करावं, खाली एखादी खोली तरी घ्यावी. वर गेल्यावर मात्र जागा मोकळी, स्वच्छ, तीन पलंग, पडदे धुतलेले. मॅडमची मायबोली कन्नड. माझ्या आधी बसलेल्या आजींना "बर्री, कूडरी" म्हणाल्या आणि त्याच दमात माझ्याकडं वळून "अक्का, बसा की". मराठी बोलतात, जरा अडखळत, पण मनापासून. ज्या गोष्टी बोलून कळल्या पाहिजेत त्या मला इथं माझ्या भाषेत कळल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी ताकद मोजलीच नाही. दुखतंय तोवर मोजून उपयोग नाही, दुखऱ्या स्नायूची ताकद कळत नाही, फक्त भीती कळते, असं म्हणाल्या. तीन आठवडे हलका व्यायाम. एप्रिलच्या शेवटी मोजायला बोलावलं. मी जुना कागद घेऊन गेले होते, आणि खरं सांगते, भांडायच्या तयारीनं गेले होते. 94 टक्के लिहिलंय मग असं झालंच कसं, हे कुणालातरी विचारायचंच होतं मला.

मॅडमनी कागद बघितला, उलटा करून मागची बाजूही बघितली, आणि विचारलं, "हे बसवून मोजलं काय झोपवून?"

मी म्हटलं, "स्टुलावर बसवून. का?"

"इथं लिहिलेलं नाही."

माझ्या पोटात काहीतरी हललं. माझ्याच वहीतला 'उ' आणि 'ब' डोळ्यांपुढं आला.

त्या दिवशी पाऊण तास गेला. जे झालं ते सगळं लिहिते, कारण माप घ्यावं कसं याचं मला ते उदाहरण वाटलं. आधी पाच मिनिटं सायकल. मग पलंगाच्या कडेला बसवलं, गादीची कड गुडघ्यामागं दोन बोटं सोडून. कमरेवरून एक पट्टा, मांडीवरून एक. हात छातीवर, कड धरायची नाही. पाठीमागं टेकण सरळ, अंग पुढं झुकवायचं नाही. मग मॅडमनी खिशातून टेप काढला, माझ्यासारखाच पिवळा, शिंप्याचा, आणि गुडघ्याच्या सांध्यापासून घोट्याच्या जरा वर जिथं यंत्राची गादी टेकणार तिथंपर्यंत मोजलं. 33 सेंटीमीटर. तिथं पेनानं खूण केली, दुसऱ्या पायावरही तेवढ्याच अंतरावर खूण. मी विचारलं हे कशाला. त्यांनी दार दाखवलं. बिजागरीजवळ बोट लावून ढकला आणि कडीजवळ बोट लावून ढकला, ताकद तीच पण जोर वेगळा लागतो. यंत्र दोन-तीन सेंटीमीटर वर सरकलं तर तोच पाय वेगळा आकडा दाखवतो. म्हणून ज्याला खरी ताकद हवी तो किलोला अंतरानं गुणतो. डाव्या पायाचे 18 किलो आले, 33 सेंटीमीटरवर. न्यूटन मीटर म्हणून अशा जोराचं एक माप असतं, त्यात ते साधारण 58 होतात. उजव्याचे 16.6 किलो.

प्रत्येक पायाला आधी दोनदा हलक्यानं सराव, मग तीनदा पूर्ण जोरानं, प्रत्येक वेळी पाच सेकंद, मधे अर्धा मिनिट विश्रांती. आणि एक गोष्ट माझ्या मनात राहिली: "ओढ, ओढ, ओढ, सोडू नको!" असं त्या दोन्ही पायांना त्याच शब्दांत, त्याच आवाजात ओरडत होत्या. एका पायाला जास्त जोर दिला आणि दुसऱ्याला गप्प राहिलं तर आकड्यात ते उतरतं, असं नंतर म्हणाल्या.

बसवून: 92 टक्के. म्हणजे जुना कागद फार खोटा नव्हता. मी जरा वरमले.

मग त्यांनी लेकीला पालथं झोपवलं. पट्टा आता कमरेच्या खाली, बसायच्या जागेवरून. गुडघा काटकोनात वाकवलेला, तळवा छताकडं. यंत्र त्याच खुणेवर. डावा पाय आधी: 12.4 किलो. मी दचकले. हा तर चांगला पाय! तोच पाय बसून 18 ओढत होता, पाच मिनिटांपूर्वी. मग उजवा. पहिल्याच वेळी वांब आला मांडीच्या मागं, पोरगी "आई गं" म्हणून ओरडली. मॅडमनी लगेच यंत्र बाजूला ठेवलं, पाय सरळ केला, हातानं धरून ठेवला, तीन मिनिटं थांबल्या. मग पुन्हा. सगळ्यात चांगला आकडा आला 8.6.

बारापूर्णांक चारच्या पुढं आठपूर्णांक सहा. 69 टक्के.

पोरगी उशीत तोंड खुपसून पडली होती. मी मॅडमना म्हटलं, यंत्र बिघडलंय का बघा. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "अक्का, तुमची कात्री आणलीय काय?" पिशवीत होती, मी नेहमीच बाळगते. "कात्री हातात धरा. आता मनगट आतल्या बाजूला पूर्ण दुमडा, हाताच्या पोटाकडं. आणि आता कापायला बघा."

तुम्हीही करून बघा, कात्री नसेल तर नुसती मूठ वळून बघा. मनगट पूर्ण आत दुमडलं की मूठ घट्ट होतच नाही. बोटांत जीवच राहत नाही. बावीस वर्षं कात्री चालवणारा माझा हात, पातळ अस्तरसुद्धा धड कापेना. मनगट सरळ केलं की पुन्हा तोच हात, तीच ताकद.

बोटं मिटणारे स्नायू मनगट ओलांडून बोटांत जातात. मनगट दुमडलं की ते आधीच आखडलेले असतात, आणखी आखडायला जागाच नसते. मांडीच्या मागच्या स्नायूंचं तसंच आहे. ते आपण ज्या हाडावर बसतो तिथून निघतात, खुबा ओलांडतात, गुडघा ओलांडतात आणि पोटरीच्या हाडांना जाऊन चिकटतात. फक्त एक छोटा भाग मांडीच्या हाडावरून निघून गुडघ्यापुरता असतो. माणूस बसला की खुब्यात वाकतो, बसायचं हाड मागं जातं आणि हे स्नायू वरच्या टोकाकडून ताणले जातात. ताणलेला स्नायू चांगला ओढतो. अंग आणखी पुढं झुकवलं की आणखी ताण मिळतो. स्टुलावर माझी पोरगी नकळत तेच करत होती. उलट पालथं झोपलं की खुबा सरळ, वरून ताण नाही, आणि गुडघा वाकवला की खालूनही आखडला. दोन्ही बाजूंनी ढिला. त्यात मांडीच्या पुढचा एक स्नायू खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडतो, तो पालथं झोपून गुडघा वाकवला की ताणला जाऊन उलटा अडथळा करतो. म्हणून चांगला पायसुद्धा पालथ्यानं कमी ओढतो. म्हणूनच तिथं वांबही लवकर येतो.

घरी येऊन हे मी मालकांना सांगितलं. ते पॉवरलूमवर असतात. एका वाक्यात म्हणाले, "ताणा ढिला असला की माग कितीही चांगला असला तरी कापड नीट येत नाही." तेवढ्यावर त्यांना कळलं होतं. मॅडमनी मात्र सांगितलं होतं की स्नायू म्हणजे नुसतं इलास्टिक नव्हे. आत बारीक धागे एकमेकांत सरकलेले असतात, ते किती अडकलेत यावर जोर अवलंबून असतो, फार आखडले की ओढायला धागाच उरत नाही.

आता पुढचा प्रश्न, जो कुठल्याही आईनं विचारला असता: मग दोन्ही पाय पालथ्यानं कमी ओढत असतील तर टक्केवारी तीच यायला हवी ना? 92 च्या ठिकाणी 69 का?

त्याचं उत्तर ऑपरेशनमध्ये होतं. ज्या कंडरा काढल्या त्यातली मोठी जी आहे, त्या स्नायूचे धागे लांब असतात, आणि गुडघा खूप वाकलेला असताना ओढायचं काम तो जास्त करतो. बसून ओढताना बाकीचे स्नायू ताणलेले असतात, ते त्या स्नायूचं काम सांभाळून घेतात, उणीव झाकली जाते. पालथं झोपवून वाकवलं की बाकीचेही दुबळे पडतात आणि जी जागा रिकामी आहे ती उघडी पडते. कबड्डीच्या मॅटवर घोटा धरला गेला तेव्हा ती पालथीच होती. खुबा सरळ, गुडघा वाकलेला. ज्या अवस्थेत तिला खेळायचं होतं त्याच अवस्थेत तिला कुणी मोजलं नव्हतं.

तिथं मी गप्प झाले. त्या पहिल्या ठिकाणच्या मुलावर माझा राग होता तो वेगळ्या जागी गेला. त्यानं आकडा खोटा दिला नव्हता. बसून पाय ओढणाऱ्या मुलीचा तो आकडा होता. फक्त तसं कागदावर लिहिलेलं नव्हतं, आणि आम्ही तो आकडा मॅटवर पळणाऱ्या मुलीचा समजलो.

मांडीच्या पुढच्या बाजूचंही माप घेतलं, पण त्यावर मी फार लिहीत नाही. पुढं चार स्नायू, त्यातले तीन गुडघ्यापुरते, एकच खुब्यावरून येतो. म्हणून बसणं-झोपणं यानं पडणारा फरक मागच्या बाजूइतका मोठा नसतो. तिथं गुडघा किती वाकवलाय हे जास्त बघावं लागतं. उजवा 33 किलो, डावा 38. एवढा जोर हातानं थोपवणं मॅडमना शक्य नव्हतं, म्हणून यंत्र पलंगाच्या पायाला पट्ट्यानं बांधलं. हेही मला आवडलं. जिथं मोजणाऱ्याचा हात पोरीच्या पायापेक्षा दुबळा असेल तिथं मोजलं जातं ते मोजणाऱ्याच्या हाताचं बळ. आणखी एक बारीक गोष्ट: बसवून असो वा पालथं, गुडघा काटकोनातच ठेवला होता. त्या अवस्थेत नडगी सरळ खाली लोंबते नाहीतर सरळ वर उभी असते, पायाच्या स्वतःच्या वजनाचा ना फायदा ना तोटा. गुडघा जरा सरळ ठेवून बसवलं असतं तर मागं ओढताना पायाचं वजनही मदतीला आलं असतं आणि पुढं ढकलताना आडवं आलं असतं.

मागच्या स्नायूला पुढच्या स्नायूनं भागून एक प्रमाण काढतात, खेळणारी पोरं त्याबद्दल फार बोलतात. लेकीनं मोबाईलवर वाचलं होतं की ते 60 टक्के असावं. मॅडमनी तिला थांबवलं. तो साठचा आकडा मोठ्या मशीनवर, बसवून, ठरावीक वेगानं पाय फिरवत मोजलेल्यांचा आहे. पुढचं बसवून आणि मागचं पालथं मोजून भागाकार केला तर तिचा चांगला पायही 33 टक्क्यांवर येईल, आणि ती उगाच घाबरेल.

रिपोर्ट इंग्रजीत येतो. याचं मला वाईट वाटतं. बेळगावात कन्नड-मराठीतले पेशंट येतात, दोन्हींना तो कागद कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. मी तसं बोलून दाखवलं. मॅडम थोडा वेळ कागदाकडं बघत राहिल्या, मग पेन घेतलं आणि प्रत्येक आकड्यापुढं देवनागरीत, एकेक अक्षर थांबून थांबून लिहिलं: 'बसून', 'पालथं', 'पट्टा बांधून', 'गुडघा 90'. 'पालथं'चा थ जरा वाकडा आला होता. मला विचारलं, बरोबर आहे ना? मी म्हटलं, अगदी बरोबर आहे. तो कागद माझ्या मापाच्या वहीत आहे.

व्यायाम मग त्या हिशेबानं दिले. पालथं झोपून टाच वर आणणं, आधी नुसती, मग घोट्याला वाळूची पिशवी बांधून. पिशवी मी शिवली, दीड किलोची, खाकी जाड कापडाची, दुहेरी शिवण. पाठीवर झोपून टाचेखाली कापड घेऊन सरकवणं. जूनपासून गुडघ्यावर उभं राहून, मागून घोटे धरून हळूहळू पुढं झुकायचा व्यायाम. त्यात खुबा सरळच राहतो, म्हणून तो तिच्यासाठी निवडला. घोटे धरायला मी. रोज रात्री जेवणाआधी ती खाली सतरंजीवर आणि मी तिच्या पोटऱ्यांवर वजन टाकून. पहिल्या आठवड्यात चार बोटं झुकायची आणि धपकन हातावर यायची. ओढताना कंबर मागं काढायची तिला सवय होती. मॅडमनी मला तेवढं एकच बघायला सांगितलं होतं, कंबर दुमडते का. शरीर हुशार असतं, कंबर दुमडून त्या स्नायूला चोरून लांबी मिळवून देतं. पालथ्या तपासणीत बसायच्या जागेवर पट्टा होता तो यासाठीच. मी मागून म्हणायचे, "सोने, कंबर." ती म्हणायची, "धरलोय की आई, धरलोय."

जूनमध्ये पुन्हा मोजलं: पालथं, उजवा 9.8, डावा 12.6. म्हणजे 78. बसून मात्र 95 आलं. आधीच्या ठिकाणी असतो तर आम्ही त्याच दिवशी बूट घातले असते. मॅडमनी नाही म्हटलं. पोरगी त्या दिवशी पायऱ्या उतरताना माझ्याशी बोलली नाही. जुलैमध्ये मंगाईची यात्रा, माझ्याकडं शिवणाचा ढीग, तरी रात्रीचा व्यायाम चुकला नाही. एकदा तर गळ्याला पायपिंग लावायचं अर्धं सोडून मी तिचे घोटे धरायला उठले. ऑगस्टच्या मध्याला तिसरं मोजमाप: पालथं, उजवा 11.5, डावा 12.7. नव्वदच्या जरा वर. वांब नाही. तीनही वेळा तोच पलंग, तेच 33 सेंटीमीटर, तीच संध्याकाळची वेळ, आणि मोजणाऱ्या मॅडमही त्याच. मधे एकदा त्यांच्या मदतनीस मुलीनं मोजायला घेतलं होतं. मॅडमनी तिला बाजूला केलं, आधीचे आकडे माझ्या हातचे आहेत म्हणून. लगेच खेळायला सोडलं नाही. उड्या, वळणं, पळणं बघितलं, मग दोन आठवडे नुसता सराव, पकड नाही.

सप्टेंबरमध्ये मी पहिल्यांदा मैदानावर गेले. तिचा घोटा धरला गेला, आणि मी डोळे मिटले नाहीत. ती पालथी पडली, टाच अंगाकडं ओढली, सुटली, रेषेला हात लागला.

आता जायचं असेल त्यांच्यासाठी. पूर्ण तपासणीला माझ्याकडून 700 रुपये घेतले, रोजच्या व्यायामाच्या बैठकीला 350. तपासणीला पाऊण तास लागतो, पण वेळ घेऊन गेलं तरी बाहेर अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं, कारण त्या आतल्या पेशंटला घाईनं उठवत नाहीत. संध्याकाळी सहानंतर गर्दी जास्त. गाडी लावायला जागा जवळजवळ नाहीच; आम्ही बसनंच जायचो, आधार कार्ड दाखवलं की कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तेव्हा तिकिटाचे पैसे पडत नव्हते, तेवढाच हातभार. पाय फिरवत मोजणारं मोठं मशीन इथं नाही, हातातलं यंत्र आणि पट्टे आहेत. ते नीट वापरतात. आधीचे रिपोर्ट असतील तर न्या आणि ते बसवून मोजलेत की झोपवून हे आठवून ठेवा, मॅडम पहिल्यांदा तेच विचारतील. मुलगी असेल तर सैल हाफ पँट पिशवीत ठेवा, सलवार गुडघ्याच्या वर सरकत नाही आणि खूण करता येत नाही. आतल्या पलंगाला पडदा आहे, आईला आत बसू देतात. त्या दिवशी सकाळी सराव करून दमलेले पाय घेऊन जाऊ नका. आणि मोजून झाल्यावर कागद हातात घ्याल तेव्हा आकड्यापुढं 'बसून' की 'पालथं' हे तुम्हाला वाचता येईल असं लिहून घ्या. मागितलं की त्या लिहून देतात.